प्रभातच्या गेटवर बसलेली नटी



गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारची वंदना आटोपून मी विहारातून बाहेर पडत होते, तेवढ्यात आमच्या वसाहतीतील एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. अंबडच्या एका कारखान्यात ते मशीनवर आहेत. हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून आणलेली नऊ पाने. म्हणाले, "ताई, तुम्ही कॉमर्सवाल्या. एवढं जरा वाचून बघा. पोरीला मुंबईच्या कंपनीनं बोलावलंय. सिरियलमध्ये काम देतो म्हणतात. सही कुठं करायची तेवढं सांगा."

मुलगी वीस वर्षांची. जयंतीच्या कार्यक्रमात गेली पाच-सहा वर्षे तीच गाते. आवाज मोकळा आहे आणि माईकसमोर उभी राहिली की समोरची हजार माणसे तिला दिसत नाहीत. बापाला पोरीचा अभिमान होता आणि धाकधूकही होती. आई मागे उभी होती, ती काहीच बोलत नव्हती. मुलगीही गप्प. पण तिची नजर माझ्या हातातील कागदांवर होती.

मी पाने घरी आणली. सगळे इंग्रजीत. ऑफिसात वीस वर्षे टेंडरची आणि करारनाम्याची पाने चाळली आहेत, म्हणून तीन रात्रींत अर्थ लागला. मुलीने तीन वर्षे दुसऱ्या कोणाकडे काम करायचे नाही. कंपनीने मात्र तिला काम दिलेच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. शिफ्ट बारा तासांची, "गरजेनुसार अधिक". पैसे रोजावर, पण काम टीव्हीवर दिसल्यानंतर नव्वद दिवसांनी. हजेरी चुकली तर कापायचे ते लगेच. आणि सातव्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत असे की मुलीचा चेहरा आणि आवाज आज असलेल्या व पुढे निघणाऱ्या कोणत्याही तंत्रात वापरण्याचा हक्क कायमचा कंपनीचा.

हे वाचताना मला एका पुस्तकाचे नाव आठवले. १९४० साली निघालेले हे मराठी पुस्तक. नाव 'जाऊ मी सिनेमात?' लिहिणारी बाई बाहेरून सल्ला देणारी नव्हती. ती स्वतः सिनेमात गात होती, काम करीत होती आणि तिच्या नावावर तिकिटे खपत होती. शांता आपटे. आजच्या मुलींना हे नाव ठाऊक नाही. माझ्या पिढीलाही ते नयना आपटे यांची आई म्हणून ऐकून ठाऊक, एवढेच. म्हणून आजचा मजकूर शांताबाईंवर.

पण आधी आपल्या नाशिकची एक आठवण काढते, कारण बाई आणि सिनेमा यांची गोष्ट इथूनच सुरू होते. बुद्धपौर्णिमेला आपण त्रिरश्मी लेण्यांवर जातो, तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी फाळके स्मारक लागते. पोरे तिथल्या बागेत खेळतात, आपण डबे उघडतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी साळुंके नावाचा, मुंबईच्या एका हॉटेलात स्वयंपाकाचे काम करणारा तरुण तारामती झाला. हॉटेलात त्याला महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा कबूल केले असे सांगतात. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये हाच साळुंके राम झाला आणि सीताही झाला!

"बाई मिळेना" हे वाक्य सिनेमाच्या प्रत्येक इतिहासात येते. ते वाचले की मला थोडे हसू येते. बाया नव्हत्या कुठे? याच मुलखात फडावर उभ्या राहून रात्र रात्र गाणाऱ्या आपल्या बाया होत्या. संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा महार समाजातली, पठ्ठे बापूरावांच्या फडात तिने महाराष्ट्र वेडा केला होता. पण तिला "घरंदाज" कोण म्हणणार? नाही मिळाली ती घरंदाज बाई. आणि आपल्यातली बाई सिनेमात आलीच तर काय होई, ते केरळात दिसले. रोझी नावाच्या दलित मुलीने १९३० च्या सुमारास मल्याळम सिनेमातील पहिल्या चित्रपटात नायर स्त्रीचे काम केले, तर वरच्या जातीच्या प्रेक्षकांनी तिला गावातून परागंदा व्हायला लावले. हे मनात ठेवूनच पुढचे वाचावे. शांताबाई ब्राह्मण घरातल्या होत्या. त्यांना जे दार उघडले, ते रोझीला उघडले नव्हते.

असो. शांता आपटे यांचा जन्म १९१६ सालचा, सोलापूर जिल्ह्यातील दुधनीचा. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर, त्यांनाही गाण्याचा नाद. शांताबाईंनी पंढरपूरला संगीताचे शिक्षण घेतले, लहानपणी पुण्याच्या गणपती उत्सवात त्या गात असत. भालजी पेंढारकरांनी त्यांना घेतले आणि १९३२ साली 'श्यामसुंदर' चित्रपट आला. राधा शांताबाई, कृष्ण शाहू मोडक. बोलपट सुरू होऊन अवघे वर्ष झाले होते. या चित्रपटाने मुंबईत पंचवीस आठवडे मुक्काम ठोकला.

तिथून त्या प्रभात कंपनीत गेल्या. प्रभात कोल्हापुरात १९२९ साली निघालेली, १९३३ साली पुण्याला आलेली. १९३४ च्या 'अमृतमंथन'पासून शांताबाईंचे नाव देशभर झाले. त्यांच्या गाण्यात तोवर न दिसलेले असे काय होते, ते जुने रसिक एका वाक्यात सांगत: ही बाई गाताना हलते. त्या आधीच्या नट्या गाणे आले की खांबासारख्या उभ्या राहत, कारण नाटकातले गाणे तसेच असे. शांताबाई गाताना डोळे फिरवीत, मान वेळावीत, हाताने बोलत. संगीतकार केशवराव भोळे यांनी त्यांच्याकडून हे करून घेतले. गाणे हे पात्राचे बोलणेच आहे, अशी भोळ्यांची धारणा होती.

यातले कष्ट आज लक्षात येत नाहीत. आज नटी ओठ हलवते आणि गळा दुसरीचा असतो. सुरुवातीच्या त्या काळात गळाही तिचाच आणि चेहराही तिचाच. शिवाय प्रभातचे पुष्कळसे चित्रपट मराठीत आणि हिंदीत असे दोन्ही निघत. म्हणजे मराठीत प्रसंग झाला की तोच पुन्हा हिंदीत करायचा. तोच दिवा, तोच घाम, तेच रडणे दुसऱ्या भाषेत. 'अमृतमंथन' असा दोनदा झाला, 'गोपालकृष्ण' दोनदा झाला, आणि १९३७ चा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला.

'कुंकू'बद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे.

मी तो मोबाईलवर पाहिला, तोही एकटीने नाही. आई पंचाहत्तरीची आहे, सिन्नरला बिड्या वळून तिने आम्हाला वाढवले. तिच्या उशाशी फोन टेकवून लावला. नीरा नावाची मुलगी, मामा पैसे घेऊन तिचे लग्न एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो. मुलगी फसवली गेली हे तिला मांडवात कळते. ती रडत बसत नाही. त्या घरात ती राहते, पण त्याची बायको व्हायला साफ नकार देते, खोलीचे दार त्याच्या तोंडावर लावते. म्हाताऱ्याचा वाह्यात पोरगा तिच्या वाटेला जातो, तर त्याला छडीने फोडून काढते. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून कथा. म्हातारा झाले होते केशवराव दाते, आणि तेही असे की शेवटी त्या म्हाताऱ्याची कीव यावी. पार्श्वसंगीत अजिबात नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचे आवाज एवढ्यावरच सगळे चालते. गाणे आले तर तेही घरातल्या वस्तूंच्या साथीने. एका जागी नीरा ग्रामोफोनच्या साथीने लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गाते. १९३७ साली पुण्याच्या एका मुलीने पडद्यावर इंग्रजीत गावे, याचे प्रेक्षकांना केवढे अप्रूप वाटले असेल!

म्हाताऱ्याची मुलगी समाजसेविका आहे, ती नीराची बाजू घेते. ते काम शकुंतला परांजपे यांनी केले. संततिनियमनाच्या प्रचारात त्या र. धों. कर्वे यांच्या बरोबरीने काम करीत. याच कर्व्यांचा 'समाजस्वास्थ्य' मासिकावरचा खटला १९३४ साली बाबासाहेबांनी चालवला होता, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

शेवटी म्हाताऱ्याला उपरती होते. तो नीराला पत्र लिहून ठेवतो, दुसरे लग्न कर म्हणून सांगतो आणि जीव देतो. माझ्या डोळ्यांत पाणी आले. आई मात्र शांतपणे म्हणाली, "एवढं मरायचं काय त्यात? काडीमोड द्यायची न् मोकळी करायची."

मी फोन बंद केला आणि किती तरी वेळ आईच्या या वाक्यावर विचार करीत राहिले. तिने बोट बरोबर ठेवले होते. नीरा ज्या जातीची दाखवली आहे, तिथे काडीमोड नव्हता आणि कायद्यातही तिला सोय नव्हती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ सालीच घटस्फोटाचा कायदा केला होता, पण बडोदा संस्थान वेगळे. मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ साली, देशभर १९५५ साली. त्या आधी हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मग १९३७ साली शांताराम करणार काय? नीराला मोकळी करायची तर नवऱ्याला मारण्यावाचून पटकथेत दुसरी वाट नव्हती. आमच्या आज्या-पणज्यांत काडीमोड होता, पाट होता, आणि त्यावरूनच आम्हाला हलके म्हणत होते! ज्या हक्कासाठी वरच्या जातीतल्या बाईला कायद्याची वाट पाहावी लागली, तो आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या जातपंचायतीत होता. तिथे बाईला सगळा न्याय मिळत होता असे मी म्हणणार नाही. पण हा मुद्दा अभ्यासकांनी कधी तरी नीट मांडावा.

'कुंकू'ने शांताबाईंना फार मोठे केले. पडद्यावर छडी उगारणारी ही बाई प्रत्यक्षातही तशीच आहे, असे लोकांना वाटू लागले. आणि ती होतीही. एका गाजलेल्या इंग्रजी सिनेमासिकात आपल्याविषयी वाटेल ते छापले म्हणून त्या छडी घेऊन थेट संपादकाच्या कचेरीत गेल्या आणि त्याला प्रसाद दिला, असा किस्सा सांगितला जातो. मारहाणीचे मी समर्थन करीत नाही. पण किस्सा वाचून मला वाईट वाटले असे म्हटले, तर ते खोटे होईल.

आता मूळ मुद्द्यावर येते. जुलै १९३९. प्रभातच्या स्टुडिओचे गेट. पगार आणि करार यांवरून कंपनीशी वाद झाला आणि शांता आपटे त्या गेटवर येऊन बसल्या. उपोषण सुरू केले. ज्या कंपनीच्या चित्रपटाच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा होता, त्याच कंपनीच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. बातमी देशभर गेली. नटीने रुसून बसावे, आजारी पडावे, दुसऱ्या कंपनीत जावे, हे लोकांना माहीत होते. नटीने गेटवर बसावे हे कोणी पाहिले नव्हते. गेटवर बसतात ते कामगार.

म्हणूनच हे मला महत्त्वाचे वाटते. त्या गेटवर बसून शांताबाईंनी न बोलता सांगितले की मीही इथे मजुरी करते. माझी मजुरी गळ्याची आहे, चेहऱ्याची आहे, आणि तिचे दाम तुमच्या मर्जीवर नाहीत. तारीख पाहा. बरोबर आठ महिने आधी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत कामगारांचा मोठा संप केला होता. औद्योगिक कलहाच्या ज्या विधेयकाने संपाच्या हक्कावर गदा येत होती, त्याच्या विरोधात. संप करणे हा गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणे, ही गुलामी होय, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. शांताबाईंचा त्या संपाशी संबंध होता असे मी मुळीच म्हणत नाही. पण हवा तीच होती. मालकाच्या दारात बसणे ही त्या वेळी गिरणगावातली रोजची गोष्ट होती, ती आता सिनेमाच्या दारापर्यंत आली होती.

उगाच कौतुकही नको. गिरणीतली बाई गेटवर बसली तर तिच्या घरची चूल विझते. शांताबाईंची विझणार नव्हती. त्यांच्या पाठीशी भाऊ होता, नाव होते, वर्तमानपत्रे होती. त्या एकट्याच बसल्या. स्टुडिओतले सुतार, रंगारी, दिवेवाले त्यांच्या शेजारी येऊन बसले नाहीत, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जायचे होते. माझी आई सिन्नरला ज्या बिडी कारखान्यात माल द्यायची, तिथे रोज शेकड्याने बिड्या "छाट" म्हणून बाजूला काढीत. त्या छाटीचे पैसे नाहीत आणि बिडी परतही नाही! एकदा चार बाया बोलल्या, तर पुढच्या आठवड्यापासून त्यांना पानेच मिळाली नाहीत. त्यांचा फोटो कुठे छापून आला नाही. तरीही आई शांताबाईंची गोष्ट ऐकून म्हणाली, "बसली ना पण? ती बसली म्हणून तर तू मला सांगतेस."

प्रभातशी त्यांचे नाते तिथे संपले. पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' आले. तरुण मुले-मुली त्यांना हा प्रश्न विचारीत, त्याला दिलेले हे उत्तर. सिनेमात गेल्यावर शील राहते का, अशी चर्चा त्या काळी चवीने चाले. तिला बाजूला सारून त्यांनी सिनेमाकडे धंदा म्हणून पाहिले. पैसा कोणाचा, राबणारा कोण, थकवा किती, करारात काय लिहिलेले असते, नाव ओसरल्यावर माणसाचे काय होते. नटाचे शरीर हे यंत्रासारखे वापरले जाते आणि झिजते, ही जाणीव त्यात आहे. चोवीस वर्षांच्या बाईने १९४० साली हे लिहिले. आपल्याकडे सिनेतारकांच्या आठवणींची पुस्तके पुष्कळ निघाली, पण पगार आणि थकवा यांवर लिहिणारी किती?

प्रभात सोडल्यावर त्यांचे काही अडले नाही. 'सावित्री' (१९४१) या तमिळ चित्रपटासाठी त्या तमिळ शिकल्या आणि स्वतःच्या तोंडाने ती भाषा बोलल्या. त्या चित्रपटात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी! लाहोरला जाऊन 'जमीनदार' (१९४२) केला, त्याला गुलाम हैदर यांचे संगीत होते. 'दुहाई'त (१९४३) त्यांच्याबरोबर नूरजहाँ होत्या. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई. कुठल्याच एका कंपनीच्या दावणीला त्या पुन्हा बांधल्या गेल्या नाहीत.

पण एक गोष्ट घडत होती, तिच्यापुढे छडी आणि उपोषण दोन्ही चालले नाही. पार्श्वगायनाचे तंत्र रुळले. आता चेहरा एकीचा विकत घेता येई आणि गळा दुसरीचा. मास्टर विनायक यांच्या 'सुभद्रा' (१९४६) मध्ये शांताबाईंबरोबर एका कोवळ्या मुलीने द्वंद्वगीत गायले. लता मंगेशकर. तीन-चार वर्षांत सगळा सिनेमा त्या आवाजाकडे वळला. लताबाईंचा यात काय दोष? पण गाणारी नटी ही जातच त्यानंतर हळूहळू बाजूला पडत गेली. नवे यंत्र आले की गिरणीत जे होते तेच इथेही झाले. पन्नाशीच्या दशकात शांताबाईंची कामे कमी कमी होत गेली आणि त्या दशकाच्या अखेरीस थांबलीच. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्या वारल्या. वय पन्नाशीच्याही आतले.

प्रभातच्या त्या आवारात आज सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी २०१५ साली १३९ दिवस संप केला. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक होते, की इथे त्यांच्या आधी शहात्तर वर्षांपूर्वी एक बाई बसून गेली आहे?

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. बापाला नाही, तिला. तिला घरी बोलावून चहा दिला आणि नऊ पाने समोर ठेवली. प्रत्येक कलम मराठीत सांगितले. तिने वहीत लिहून घेतले. बारा तासांच्या शिफ्टपाशी आल्यावर तिने विचारले, "मावशी, आठ तासांचा कायदा आहे ना?" मी म्हटले, आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९४६ साली आठवड्याचे तास चौपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आले. पण तू ज्या जागी निघालीस तिला फॅक्टरी म्हणायला कंपनी तयार नाही, करारात तुला "स्वतंत्र कलाकार" म्हटले आहे. ती म्हणाली, "स्वतंत्र, आणि तीन वर्षं दुसरीकडे जायचं नाही?" मला खूप बरे वाटले. वीस वर्षांची पोरगी, पण वाक्य वाचता येते.

सातवे पान तिने दोनदा वाचले. आवाज कायमचा कंपनीचा, हे तिला पटेना. आता म्हणे यंत्राला माणसाचा आवाज थोडा ऐकवला की ते त्याच आवाजात हवे ते बोलते आणि गाते. शांताबाईंच्या वेळी गळा आणि चेहरा वेगळे झाले. आता गळा माणसापासूनच वेगळा व्हायला निघाला आहे. ती म्हणाली, "मग मी जयंतीला गायले तरी कंपनीला विचारायचं का?" कागदाप्रमाणे तसाच अर्थ निघतो, असे मी तिला सांगितले.

आम्ही दोघींनी मिळून चार प्रश्न काढले. काम नाही दिले तर तीन वर्षांचे बंधन सुटणार की नाही. पैसे नव्वद दिवसांऐवजी तीस दिवसांत देणार का. बारा तासांच्या वरचा दर काय. आणि आवाजाचे कलम फक्त त्या मालिकेपुरते ठेवणार का. तिने ते स्वतःच्या अक्षरात लिहिले, मी फक्त इंग्रजी तपासले. पत्र तिच्याच नावाने गेले.

आठ दिवसांनी कंपनीतून फोन आला. बाकीच्या मुली काही न विचारता सही करतात, असे तिकडची बाई म्हणाली. पैसे साठ दिवसांत देऊ, आवाजाचे वरिष्ठांना विचारून कळवू, बाकी दोन्ही प्रश्नांवर काही नाही. वडिलांनी संध्याकाळी गाठून मला विचारले, "ताई, मग जाऊ द्यावी का नाही?" मी त्यांना म्हटले, भाऊ, हे तुम्ही मला विचारू नका, तिला विचारा, पाने तिने वाचली आहेत. त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या मनाला ते पटलेले नव्हते. आई मागेच उभी होती. या खेपेला मात्र ती बोलली. म्हणाली, "तिनं सांगितलंय. आवाजाचं उत्तर आल्याशिवाय सही करायची नाही."

हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. मुलगी रोज संध्याकाळी विहारात तालमीला येते आहे. नऊ पाने पेन्सिलीच्या खुणांसह माझ्या टेबलाच्या खणात आहेत.